पडद्यामागून पाहिलेला खून

आमच्या घरात आईचं तोंड बंद करायला एकच वाक्य पुरायचं, "तू तं पडद्यामांगून पायलं."

म्हणायचे माझे बाबा. वडनेर भोलजीच्या शाळेत मास्तर होते. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, त्यामुळे हे वाक्य घरातून गावात जायला वेळ लागला नाही. आई म्हणाली, तुरीत किडे पडलेत, उन्हात घाला. "तू तं पडद्यामांगून पायलं!" आई म्हणाली, या पाहुण्याची नजर बरी नाही. पुन्हा तेच. पुढे पुढे तर नांदुऱ्याहून आलेला पाहुणासुद्धा पहिल्या चहालाच ते वाक्य शिकून जायचा. आई हसायची. लहान होते तोवर मला वाटायचं, तिलाही गंमत वाटते. काय अक्कल होती माझी!

हे वाक्य कुठून आलं ते सांगते. मी आठेक वर्षांची असेन. कापूस घरात आला की टुरिंग टॉकीजवाला गावाबाहेरच्या पडीक वावरात तंबू ठोकायचा. तंबूच्या मधोमध पडदा. ज्या बाजूला मशीन त्या बाजूला पुरुष, आणि पडद्याच्या पलीकडे बाया. म्हणजे चित्र आधी पुरुषांचं, मग कापडातून झिरपून जे काही उरेल ते आमचं. खेळाआधी एक माणूस बादलीभर पाणी आणून पडद्यावर सपासप मारायचा, कारण कापड ओलं असलं की चित्र आरपार दिसतं. ते पाणी पुढच्या रांगेतल्या बायांच्या पदरावर ठिबकत राहायचं. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. पंगतीत बाया मागून, सभेत बाया कडेला, तसंच सिनेमात बाया पडद्यामागं.

त्या वर्षी एक खुनाचा सिनेमा आला. काळा-पांढरा. थंड हवेच्या गावातला बंगला, दिवसरात्र धुकं, अंधाऱ्या जिन्यावर कुणाचे तरी नुसतेच बूट. बंगल्याच्या मालकाचा खून होतो. इन्स्पेक्टर घाव बघतो आणि म्हणतो, खुनी डावखुरा आहे. झालं, सगळ्या बाया हातांकडे बघायला लागल्या. संशय दोघांवर: मालकाचा पुतण्या म्हणजे हिरो. आणि घरचा डॉक्टर, तो एक हात सदा कोटाच्या खिशात घालून फिरणारा. आम्हाला दिसत होतं की हिरो डाव्या हातानं पत्र लिहितो, डाव्या हातानं दार उघडतो, हिरॉइनचे डोळे पुसतो तेसुद्धा डाव्याच हातानं. शेवटी इन्स्पेक्टर अचानक डॉक्टरकडे काडेपेटी फेकतो, डॉक्टर ती झेलतो. उजव्या हातानं. आणि इन्स्पेक्टर बेड्या कुणाला घालतो? डॉक्टरला!

तंबूतून बाहेर पडताना आई भर गर्दीत बाबांना म्हणाली, "यायनं चुकीचा माणूस पकडला. खून तं हिरोनं केला."

शेजारची चाची आमच्यासोबत होती. ती म्हणाली, "हां गुरुजी, हीरोनेच किया. हम दोनों ने देखा."

पुरुष आधी थबकले, मग असे हसले की कंदील हलले. डॉक्टरनं डाव्या हातानं काडेपेटी झेललेली त्यांनी सगळ्यांनी पाहिली होती. कुणीतरी म्हणालं, गुरुजी, घरी शाळा घ्या. बाबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी ते वाक्य काढलं, "जाऊ द्या हो, तिनं पडद्यामांगून पायलं," आणि लोक पुन्हा हसले. बाबांची सुटका झाली आणि आई अडकली ती कायमची.

नुसती थट्टा असती तर मी ती कधीच विसरले असते. पण त्याच थंडीत मला ताप आला. दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या मानेला हात लावला आणि म्हणाली, "हा ताप साधा नाही. पोरीले खामगावले न्या." बाबा वह्या तपासत होते. मान वर न करता त्यांनी ते वाक्य म्हटलं. सवयीनंच म्हटलं, मनात काही वाईट नव्हतं. पण आम्ही खामगावच्या दवाखान्यात गेलो ते आणखी दोन दिवसांनी, मी डोळे फिरवल्यावर. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, डाव्या कानाचं सांगता येत नाही. त्यानंतर तो कान गेलाच. आजही कुणी डावीकडून बोललं तर मला फक्त ओठ हलताना दिसतात.

आईनं त्यानंतर मत देणंच सोडलं. काहीही विचारा, "मले काय समजते?" म्हणायची. भाजीत मीठ घालायचं तरी बाबांना चाखायला द्यायची. माझ्या कानाबद्दल घरात कुणी कधीच काही बोललं नाही. मी मोठी झाले, चित्रकलेची शिक्षिका झाले. लग्न केलं नाही, हे एकदाच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव त्यात अडकणार नाही. निवृत्त झाल्यावर पुन्हा वडनेरला आईबाबांजवळ येऊन राहिले.

आणि मागच्या उन्हाळ्यात, दुपारी खाटेवर पडल्या पडल्या, फोनवर तोच सिनेमा सापडला.

हिरो पत्र लिहायला बसला. उजव्या हातानं. मी ताडकन उठून बसले. मागे नेऊन पुन्हा पाहिलं. उजवाच. मग एकदम शेवटाला गेले. काडेपेटी उडाली आणि डॉक्टरनं ती झेलली डाव्या हातानं.

आयुष्यभर पोरांना शिकवत आले की ट्रेसिंग पेपर उलटा धरला की डावीकडचं उजवीकडे जातं. बाई, तुझ्या डोक्यात एकदा तरी यावं की नाही? पडदा म्हणजे दुसरं काय असतं? बायांना सगळा सिनेमा उलटा दिसत होता! सुरुवातीची नावं तेवढी उलटी पडत असतील, पण ती इंग्रजीत, आणि आमच्या बाजूला इंग्रजी येत होतं कुणाला? आईनं जे पाहिलं ते अगदी बरोबर सांगितलं होतं. तिची चूक एवढीच, की तिला जिथं बसवलं तिथं ती बसली.

मला भयंकर संताप आला. उठून बाबांना सांगणार होते. पण सांगून काय झालं असतं? ते म्हणाले असते, "असं व्हय? गंमतच आहे," आणि पान खाल्लं असतं. आमच्या घरात बाईच्या सांगण्याला वजन नव्हतं. म्हटलं, सांगायचं नाही. दाखवायचं. ज्या गावासमोर हसले त्याच गावासमोर. आई ब्याऐंशीची, बाबा सत्त्याऐंशीचे, आता उद्यावर टाकण्यात अर्थ नव्हता.

दिवाळीनंतर संधी चालत आली. आमच्या गावच्या वाचनालयाचा वर्धापनदिन होता. अध्यक्ष म्हणजे बाबांचेच जुने विद्यार्थी, पांढऱ्या कपड्यांतला भला माणूस, पण नेहमीची वाट सोडायची म्हटलं की घाम फुटणारा. निवृत्त होताना पोरांनी मला एक छोटा प्रोजेक्टर भेट दिला होता, तो त्यांना ठाऊक होता.

"मॅडम, गावाले फुकटात एखादा जुना सिनेमा दाखवा ना. पटांगणातच."

"दाखवते. खुनाचा आहे, चालेल?"

"पळते! पुरुष समोर बसतीन, बाया मांगं."

"काऊन?"

"नेहमी तसंच बसतात ना, मॅडम."

"यंदा बाया समोर. पुरुष पडद्याच्या मांगं."

ते हसले. मी हसत नाही हे बघून थांबले. "असं कुठं असते का? लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू द्या. मला एकच कान आहे, निम्मंच ऐकू येईल."

"मॅडम, तुम्ही आयकून तं घ्या..."

"प्रोजेक्टर माझा. सिनेमा माझा. पडदा माझ्या आईनं शिवलेला. तुमचं काय आहे?"

"जागा हाये!" ते म्हणाले.

"जागा गावाची आहे. गावात बाया मोजता की नाही?"

"हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण आहे," असं पुटपुटत त्यांनी शेवटी मान डोलावली.

पडदा तेव्हा शिवलेला नव्हता, हे खरं. घरी आल्यावर मी बाबांची दोन जुनी धोतरं काढली. जाड चादरीतून पलीकडे काही दिसत नाही, मी करून पाहिलं होतं. धोतर बरोबर पातळ. आई आणि चाचीनं चाचीच्या मशीनवर ती जोडली. चाचीला आता सुई ओवता येत नाही आणि आईला पायडल मारवत नाही, म्हणून एकीनं ओवून दिलं, दुसरीनं पाय चालवला. बाबा ओरडले, "माही धोतरं काऊन फाडून राह्यली?"

"फाडून नाही, जोडून," मी म्हटलं.

मला काय करायचं होतं ते मी दोघींनाही सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हटलं, की तोच खुनाचा सिनेमा आहे. आईनं क्षणभर शिवण थांबवली. मग म्हणाली, "पडद्यावर पाणी मारा लागन."

मी बाजाराच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: फुकट सिनेमा, संध्याकाळी सात, बाया समोर, पुरुष पडद्यामागं. दुपारपर्यंत कुणीतरी पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा ऑइलपेंट आणला. चित्रकलेची बाई आहे मी, माझ्याशी रंगात कोण भिडणार? ते अजून तिथंच आहे, आठवडी बाजाराच्या सूचना आता त्याच्या खाली लिहितात.

बाबा आदल्या दिवसापर्यंत म्हणत होते, "मी नाही बसत मांगं."

"मग घरी बसा," मी म्हटलं. पण सिनेमा आपण पाहिलाय आणि खुनी आपल्याला ठाऊक आहे, ही गोष्ट त्यांना घरी बसू देईना. खोकत खोकत, मफलर गुंडाळून आले. महिनाभर खोकत होते, डॉक्टरचं नाव काढलं की थंडीवर ढकलत होते.

पटांगणात गर्दी झाली. कडुनिंब आणि झेंड्याचा खांब यांच्यामध्ये धोतरांचा पडदा ताणला. बाया आधी मागंच जाऊन बसल्या, सवयच ती. एकेकीला हाताला धरून समोर आणलं. "अवं, खरंच का?" म्हणत त्या सतरंजीवर टेकल्या, आणि एकदा टेकल्यावर मात्र अशा पसरल्या की यांना आता कोण उठवतं! पलीकडे पुरुषांची कुरकुर चालली होती. मी बादली घेतली आणि पडद्यावर पाणी मारलं. पहिल्या रांगेतले दोघे बोंबलले, "अहो मॅडम, भिजलो ना जी आम्ही!"

"भिजा," मी म्हटलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सिनेमा सुरू झाला. मी आई आणि चाचीच्या डावीकडे बसले, म्हणजे त्या माझ्या चालत्या कानाच्या बाजूला येतात. इन्स्पेक्टर म्हणाला, खुनी डावखुरा आहे. थोड्या वेळानं हिरो पत्र लिहायला बसला. आईनं चाचीचा हात धरला.

"हा तं उजव्या हातानं लिहून राह्यला वं."

"हां... सीधा हाथ है," चाची म्हणाली. "उस टाइम तो उल्टा था ना?"

आई पडद्याकडे पाहत राहिली. तिनं जन्मभर कशिदा काढलाय, कापडाची उलट बाजू तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. हळूच म्हणाली, "आपण उलट्या अंगानं पायलं वं, चाची. कशिद्यासारखं. आपलं चुकलं नव्हतं." आणि पदर तोंडाला लावला. रडते की हसते, ते मला त्या उजेडात कळलं नाही.

पलीकडे बाबा रंगात आले होते. हिरोच खुनी, असं पुरुषांमध्ये एकमतानं ठरलं होतं, कारण त्यांना तो डावखुरा दिसत होता. बाबा गरजत होते, "अरे मूर्खांनो, डॉक्टर आहे खुनी! मी पायलेला आहे हा सिनेमा. पाहा, आता काडेपेटी फेकते... आता डाव्या हातानं झेलते पाहा..."

काडेपेटी उडाली. आमच्या बाजूला डॉक्टरचा डावा हात वर गेला आणि बायांनी "पकडला!" म्हणून टाळ्या पिटल्या. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, उजव्यानं झेलली ना! तुमचा खुनी चुकला!"

"अरे, डावा हात होता थो..." बाबा म्हणत होते.

"कुठून पायला होता गुरुजी सिनेमा?" आणि सगळे पुरुष हसले. अध्यक्षही हसले. तेच हसणं, तंबूबाहेरचं. या वेळी बाबांना वाचवायला एखादं वाक्य नव्हतं.

मला दया आली का? नाही आली.

बाबा काठी टेकत पडद्याला वळसा घालून आमच्या बाजूला आले. "परत लाव," म्हणाले. मी मागे नेऊन लावलं. त्यांनी समोरून पाहिलं. डावा. पलीकडे गेले. "परत लाव." उजवा. पुन्हा अलीकडे आले. तिसऱ्यांदा मी न सांगता लावलं. ओल्या धोतराशेजारी ते उभे राहिले, डॉक्टरचा हात त्यांच्या खांद्यावरून वर गेला, आणि त्यांना समजलं. मास्तर होते शेवटी.

पुरुष एकेक करून पडद्याच्या कडेनं डोकावायला लागले. बाबा आईसमोर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तू बराबर पायलं होतं."

मला वाटलं, झालं. याचसाठी केला होता अट्टहास. पण आई सतरंजीवरून उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पन्नासेक वर्षांत पहिल्यांदा मी तिला बाबांच्या डोळ्यांत सरळ बघताना पाहिलं.

"सिनेमाचं राहू द्या," ती म्हणाली. "पोरीच्या तापाचं बोला. थो मी कोणत्या बाजूनं पायला होता?"

बाबांचे ओठ हलले. मी प्रोजेक्टरपाशी होते आणि ते माझ्या डावीकडे, मला काही ऐकू आलं नाही. मी चाचीकडे पाहिलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. काही बोललेच नव्हते ते. मग खाली बसले, आईच्या शेजारी सतरंजीवर, आणि उरलेला सिनेमा बायांमध्ये बसून पाहिला.

सकाळी मी चहा ठेवला. बाबा ओट्यावर खोकत होते, खोकता खोकता वाकले. आई आतून आली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

"हा खोकला साधा नाही," ती म्हणाली. "आज खामगावले जायचं."

बाबांनी तोंड उघडलं. ते वाक्य मला दिसलं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं; इतक्या वर्षांची सवय. मी कपबशी हातात घेऊन थांबले. आईही थांबली, पण तिचा हात तिथंच होता.

बाबांनी तोंड मिटलं. काठी टेकून उठले.

"टोपी कुठं आहे माही?" त्यांनी विचारलं.

"खुंटीवर," आई म्हणाली, आणि साडेनवाच्या एस.टी.साठी स्वतःच्या चपला शोधायला लागली.